दिवाळी आपली, नाताळ त्यांचा, फोन मात्र बारमाही माझ्याच खिशात. एकट्यानं काम करणारे सुट्टी कशी घेता?

इंदिरानगरकर

मंडळी, नोव्हेंबर अर्धा सरला, चिवड्याचा डबा तळाला गेला, आणि काल क्लायंटकडून त्यांच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक आलं. ते वाचून हा धागा काढतोय.

आधी माझं काम सांगतो. नोकरी सोडून काही वर्षं झाली. नाशकातच, इंदिरानगरला, घरातली मागची खोली हेच ऑफिस. हाताखाली कोणी नाही. कामं तीन प्रकारची. ओहायोतल्या एका कंपनीचं गोदामाचं पोर्टल सांभाळतो, घर चालतं ते मुख्यतः त्यावर. रविवार कारंजा ते मेनरोड पट्ट्यातल्या काही मिठाई, फरसाण, ड्रायफ्रूटवाल्यांचं बिलिंग बघतो. आणि द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीच्या नोंदी ठेवायचं एक छोटं ॲप आहे, ते माझं स्वतःचं. त्यात पैसा कमी, जीव जास्त.

तिघांची पंचांगं तीन. ओहायोवाले नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला जे सैलावतात ते थेट जानेवारीत भानावर येतात. दुकानदार घटस्थापनेपासून पाडव्यापर्यंत तापलेले. आणि बागायतदाराची ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे दोन-अडीच महिने त्याला सण बिण काही नसतो, तो आभाळाकडे बघत असतो. म्हणजे सप्टेंबर ते जानेवारी कोणी ना कोणी जागं असतंच, आणि जो जागा असतो तो मला उठवतो.

यंदा तर सरकारनंही हातभार लावला. 3 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे नवे दर जाहीर झाले, लागू कधी, तर 22 सप्टेंबर. ऐन घटस्थापना. फरसाण 12 वरून 5, चॉकलेट 18 वरून 5, बदाम-पिस्ते 12 वरून 5. माझ्याकडे दर तारखेसकट टेबलात असतात, त्यामुळे बदलायला फार वेळ गेला नाही. डोकं खाल्लं ते परत आलेल्या मालानं. 22 तारखेच्या आधीच्या बिलावरचा माल परत आला तर क्रेडिट नोट, म्हणजे बिलातून वजा केल्याची पावती, जुन्याच दरानं निघायला हवी, आणि दुकानातला पोरगा म्हणतो, "सर, मशीनवर तर पाचच दाखवतंय सगळीकडे, याच्यावर बारा का?" हे प्रत्येक दुकानात, प्रत्येक पोराला वेगळं समजावलं.

धनत्रयोदशीला संध्याकाळी एका शेठचा फोन. "सर, बिल चाळीस टक्के लावतंय, गिऱ्हाईक अंगावर येतंय, लगेच या." रविवार कारंज्याला त्या वेळी गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको. लांब लावून चालत गेलो. काउंटरवर हॅम्परची चळत, पारदर्शक कागद, सोनेरी फिती. एक उघडून बघितला: काजूकतली, चिवडा, चॉकलेटं, आणि कडेला उभी, शोभेला, कोल्ड्रिंकची बाटली. एकाच किमतीत वेगवेगळ्या दरांच्या वस्तू एकत्र विकल्या की सगळ्यात वरचा दर अख्ख्या डब्याला लागतो, आणि गोड फसफसणाऱ्या पेयांना आता 40 टक्के. सॉफ्टवेअर बरोबर होतं! शेठना म्हटलं, बाटली बाहेर काढा, तिचं बिल वेगळं करा. शेठनी क्षणभर माझ्याकडे, मग बाटलीकडे पाहिलं आणि पोराला ओरडले, "काढ रे त्या सगळ्या!" थर्मल प्रिंटरचा रोलही तेवढ्यात संपला, तोही मीच घातला. बाटलीमुळे डबा महागतो हे मला कळलं म्हणून मी तज्ज्ञ. रोल घालता येतो म्हणून प्रिंटरवाला. शेठच्या लेखी दुसरी ओळख जास्त पक्की आहे.

मग 20 ऑक्टोबर, नरकचतुर्दशी. सप्टेंबरच्या 3बी रिटर्नची, म्हणजे जीएसटीच्या विवरणपत्राची, शेवटची तारीख तीच. मुदत 25 पर्यंत वाढली, पण ऐन वेळी, तोवर अर्ध्या दुकानांच्या सीएंनी माझ्याकडून रिपोर्ट मागवून झाले होते. अभ्यंगस्नान झालं, उटणं अंगाला तसंच, आणि मी एक्सेल पाठवतोय.

21 ला मंगळवार. ओहायोचा साप्ताहिक कॉल मंगळवारी, त्यांच्या सकाळी नऊला. ऑक्टोबरात म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. लक्ष्मीपूजन! आमच्याकडे पूजेला लॅपटॉपही मांडतात, वडील दुकानाच्या वह्या मांडायचे त्या जागी. तर आईनं त्याला हळदकुंकू लावलेलं, आणि त्याच लॅपटॉपवर मला कॉल. सुट्टीचं सप्टेंबरात सांगून ठेवलं होतं. त्यांनी काय केलं, तर कॉलसमोर "ऐच्छिक" असं लिहिलं. ऐच्छिक म्हणजे काय हे ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. मी समजलो आणि बसलो. बायको काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

आता डिसेंबर. ओहायोवाले 15 डिसेंबर ते 5 जानेवारी कोडला हात लावू देत नाहीत. माझं बिल तासावर. हात नाही तर तास नाही, तास नाही तर पैसा नाही. त्यात त्याच तीन आठवड्यांत मुंबईचे पाहुणे गंगापूर रोडच्या वायनरी बघायला येतात, आणि "तू काय, घरीच असतोस" म्हणून सारथ्य माझ्याकडे.

विचारायचं ते हे. दिवाळीत चार दिवस खरोखर बंद राहायचं तर स्थानिक गिऱ्हाइकांना काय सांगता? परदेशी क्लायंटला काय सांगता? आणि डिसेंबरचा तो मोकळा काळ कशात घालवता? "माणूस ठेवा" हा सल्ला कृपया नको. माणसाला काम देण्याएवढं काम चार महिनेच असतं.

---

फुकटसल्ला

माणूस ठेवा. 😄

बरं, गंमत सोडा. पाहुण्यांना सांगा की द्राक्षं डिसेंबरात आंबटच असतात, फेब्रुवारीत या. निम्मा प्रश्न तिथेच मिटेल.

---

कॉलेजरोड_कोडर

दादा, "ऐच्छिक" वाचून हसू आलं आणि राग पण आला. मी जर्मन क्लायंटकडे काम करते, मीही एकटीच. माझा अनुभव असा की परदेशी माणसाला सण समजावायला जाऊ नये. दिवाळी म्हणजे काय, दिवे का लावतात, हे सगळं ते आवडीनं ऐकतात आणि मंगळवारी कॉलला येतोस ना विचारतात. त्यांना तारीख कळते. करार नव्यानं करताना मी त्यात माझ्या सुट्ट्यांच्या तारखा घालते, वर्षाच्या सगळ्या एकदम: गुढीपाडवा, गणपती, दिवाळी. जसं 25 आणि 26 डिसेंबर त्यांच्याकडे कायद्यानं बंद, तसं माझ्याकडे या तारखा बंद. त्या दिवशी सर्व्हर पडला तर मी येईन, पण तो तास दुप्पट दरानं. हे लिहिल्यापासून दिवाळीत एकही सर्व्हर पडलेला नाही. का ते देव जाणे.

दुसरं, तुम्ही तासावर बिल का करता अजून? पोर्टल सांभाळायचं काम आहे ना? मग महिन्याची ठरावीक रक्कम घ्या. फ्रीझच्या, म्हणजे कोडला हात लावायची बंदी असते त्या, काळातही तुम्ही त्यांच्या हाकेला बांधलेलेच असता. दुकानाला शटर लावलं म्हणून गाळ्याचं भाडं थांबत नाही.

तिसरं, पैसे. डिसेंबरचं बिल दहा तारखेच्या आत पाठवा. नंतर पाठवलं तर ज्या बाईंनी ते मंजूर करायचं त्या सुट्टीवर, त्या जानेवारीत येणार, मग तीस दिवस मोजायला सुरुवात. म्हणजे हातात फेब्रुवारी. आणि तुम्ही छोट्या व्यावसायिकांच्या अंदाजित उत्पन्नाच्या करयोजनेत असाल तर सगळा आगाऊ कर 15 मार्चला एकरकमी भरायचा असतो. फेब्रुवारीत आलेले पैसे मार्चमध्ये निम्मे गेल्यासारखे वाटतात.

कॉलची वेळही आता तपासा. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे गेलं, तुमचा साडेसहाचा कॉल आता साडेसातला आला असेल. जेवणाच्या वेळेत.

---

इंदिरानगरकर

आला ना साडेसातला. पोराचा अभ्यास घ्यायची वेळ गेली. तो खूश आहे.

ताई, महिन्याच्या रकमेचं पटतंय. भीती एवढीच की बोलणं काढलं आणि त्यांनी हिशोब करून "वर्षाला इतकेच तास होतात की" म्हटलं तर? आत्ता निदान त्यांचं लक्ष नाही. आणि स्थानिक दुकानांचं काय? त्यांना करार दाखवला तर शेठ म्हणतील, "सर, आपल्यात कसला कागद?" आणि चहा मागवतील. तो चहा प्यायला की पुढची दिवाळी पण गेली.

---

निफाडचा_बागायतदार

सर, तुमचं ॲप आम्ही वापरतो म्हणून लिहितो. आमच्यामुळे तुमची दिवाळी गेली असं वाटायला नको.

आमचं कसं असतं सांगतो. यंदा पावसानं छाटण्या पुढे गेल्या. दिवाळीत कुणाच्या छाटण्या चालू, कुणाची फूट निघालेली. कोवळ्या फुटीवर पाऊस पडला, ढगाळ राहिलं की डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग. त्या वेळी पाडवा आहे, भाऊबीज आहे, असं बघत नाही कोणी. बहीण ओवाळायला थांबलेली आणि आम्ही फवारणीच्या ब्लोअरवर. पुढं डिसेंबरात घडांची विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, मजूर मिळायची मारामार. नाताळात थंडी वाढली की पहाटे उठून ड्रिप चालू करा, बागेत शेकोट्या पेटवा. तुमची ती मोकळी तीन आठवड्यांची सुट्टी म्हणजे आमचे झोप नसलेले तीन आठवडे.

पण सर, आम्हाला तुम्ही नकोत. राग मानू नका. आम्हाला नोंद पाहिजे. कोणतं औषध, किती मात्रा, कोणत्या तारखेला, आणि काढणीच्या आधी किती दिवस थांबायचं. 2010 ला क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात माल अडकला होता, ते आमच्या गावात अजून कोणी विसरलेलं नाही. तेव्हापासून निर्यातीच्या प्लॉटची वही म्हणजे सातबाऱ्याएवढी जपतात. ती तारीख चुकली, नोंद राहिली, की पॅकहाऊसवाला, म्हणजे निर्यातीचा माल पॅक करणारा, माल घेताना तोंड वाकडं करतो.

तुम्हाला फोन कधी येतो? प्लॉटमध्ये रेंज नसते आणि नोंद सेव्ह होत नाही तेव्हा. गोल गोल फिरत राहतं. मग माणूस घाबरतो आणि तुम्हाला लावतो. ते फिरणं बंद करा, आम्ही तुम्हाला लग्नकार्यालाच फोन करू.

---

जुना_ईडीपी

बागायतदार भाऊंनी वर्मावर बोट ठेवलं. मी अंबडच्या एका कारखान्यात ईडीपी म्हणजे संगणक विभागात नोकरी केली, आता निवृत्त. 31 डिसेंबर 1999 ची रात्र कारखान्यातच काढली, वायटूके म्हणून, म्हणजे 2000 साल लागताच संगणकांच्या तारखा चुकतील या धास्तीनं. बारा वाजले, काहीही झालं नाही, कॅन्टीनवाल्यानं भजी तळली. काही झालं नाही कारण आधीची दीड-दोन वर्षं तारखांचे रकाने तपासण्यात गेली होती. लोकांना मात्र आजही वाटतं की तो सगळा बागुलबुवा होता.

तेव्हा त्या मोकळ्या आठवड्यांत नवीन काहीतरी बांधायला काढू नका, असं मी सांगेन. मोह होतो, मला माहीत आहे. गिडो व्हान रॉसमनं 1989 च्या नाताळात ऑफिस बंद, हाताला काम हवं म्हणून पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा सुरू केली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याला धनत्रयोदशीला कोणी प्रिंटरसाठी बोलावत नव्हतं.

त्याऐवजी जे सुट्टीतच फुटतं ते आधी बघा. वेबसाइटची सुरक्षा सर्टिफिकेटं बघा. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट देणाऱ्या संस्थेची सर्टिफिकेटं 90 दिवसांची, आणि मुदत संपत आल्याची जी मेल ते पाठवायचे ती जून 2025 पासून बंद केली आहे. सप्टेंबरच्या शेवटी नूतनीकरण झालं असेल आणि मध्ये ती स्क्रिप्ट बंद पडली असेल, तर तारीख पडते नाताळात. बॅकअप घेत असालच, पण उलटा लावून, म्हणजे त्यातून डेटा परत भरून, पाहिलाय का? दुसऱ्या मशीनवर, रिकाम्या डेटाबेसवर. आणि लायब्ररींच्या, म्हणजे वापरलेल्या तयार कोडच्या, आवृत्त्यांची यादी एका कागदावर काढून ठेवा. 2021 ला लॉगफोरजे या लायब्ररीतलं सुरक्षेचं भोक जगजाहीर झालं तो 10 डिसेंबर, शुक्रवार. ज्यांच्याकडे यादी होती त्यांचं काम लवकर उरकलं. ज्यांच्याकडे नव्हती ते नाताळपर्यंत कोणत्या सर्व्हरवर काय आहे हेच शोधत बसले.

दुकानांबद्दल: कागद नको, पण दर लावा. आमच्याकडे मशीन दुरुस्तीला येणारा माणूस रविवारच्या फेरीचे वेगळे पैसे घ्यायचा. कोणी त्याला कधी वाईट म्हटलं नाही. फेरी मात्र आपोआप सोमवारवर जायची.

---

इंदिरानगरकर

काका, बॅकअप उलटा लावून पाहतो, पण फक्त दुकानांचा. बागेच्या नोंदींचा लावलेला नाही. तो या आठवड्यात.

बागायतदार दादा, राग कसला! तुमची पोस्ट मी बायकोला वाचून दाखवली. "आम्हाला तुम्ही नकोत" यावर ती जरा जास्तच हसली.

रेंजचं मी वर्षभर टाळत आलोय, कारण काम वाटतं तेवढं सोपं नाही. नोंद फोनमध्येच साठवायची, रेंज आली की वर पाठवायची, इथपर्यंत ठीक. पण एकाच प्लॉटची नोंद बाप आणि मुलगा दोघांनी आपापल्या फोनवरून केली तर? दोन्ही ठेवल्या तर एकच फवारणी दोनदा झालेली दिसते, एक पुसली तर खरी पुसली जाण्याची भीती. तुमच्याकडे औषध बाप ठरवतो, ब्लोअर मुलगा चालवतो. सध्या विचार असा: काहीही आपोआप पुसायचं नाही. त्याच प्लॉटची, त्याच दिवसाची, त्याच औषधाची दुसरी नोंद आली की दोन्ही शेजारी दाखवायच्या आणि विचारायचं, ही एकच फवारणी की दोन? उत्तर देणाऱ्याचं नाव आणि वेळ सोबत. काढणीपूर्वीचे दिवस मोजायचे ते उशिराच्या तारखेपासून, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होईल. यात तुम्हाला काही खटकतंय का?

---

निफाडचा_बागायतदार

खटकतं एकच. विचारणा संध्याकाळी करा, फवारणीच्या वेळी नको. हाताला औषध असतं, हातमोजा असतो, फोन खिशातून निघत नाही. आणि मोठ्या अक्षरात. वडिलांना चष्मा लावायला लावू नका.

बापानं ठरवलेलं आणि मुलानं मारलेलं औषध वेगळं असतं कधी कधी. तेव्हा भांडण लागेल. पण ते लागू द्या, काढणीच्या वेळी लागण्यापेक्षा बरं.

---

कॉलेजरोड_कोडर

हा प्रश्न तुम्ही डिसेंबरसाठी ठेवलात तर तुमची मोकळी सुट्टी भरली, दादा. एक सूचना. आयफोनवाले बागायतदार असतील तर नवी आवृत्ती 20 डिसेंबरच्या आत पाठवा. ॲप स्टोअर 2020 पर्यंत नाताळात काही दिवस दारच लावून घ्यायचं, 2021 पासून सुरू असतं, पण तपासणी रेंगाळते. आणि पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना घेऊन वायनरीला जाऊ नका, निदान एक दिवस घरी थांबा.

ओहायोला मेल टाकली का?

---

फुकटसल्ला

बागेत कधी गेलात तर येताना बेदाणे आणा. हा सल्ला नाही, विनंती आहे.

---

इंदिरानगरकर

आयफोनवाले मोजकेच आहेत, पण तेच जास्त बोलतात. 20 च्या आत पाठवतो.

ओहायोला मेल टाकली, काल रात्री उत्तर आलं. 2026 च्या सुट्ट्यांची यादी मान्य. लक्ष्मीपूजनाचा कॉल रद्द, या वेळी "ऐच्छिक" शब्द नाही. मासिक रकमेचं मार्चनंतर बोलू म्हणाले. दुप्पट दरावर काही लिहिलंच नाही, म्हणजे ते वाचलं नाही किंवा वाचून सोडलं. पुढच्या मंगळवारी विचारतो. डिसेंबरचं बिल 8 तारखेला पाठवणार.

दुकानांसाठी काकांचं ऐकलं. सणाच्या दिवसांतल्या फेरीचा दर व्हॉट्सॲपवर सगळ्यांना कळवला. दोघांनी अंगठा दाखवला, एका शेठनी विचारलं, "यात रोल बदलणं धरलंय का?" मी हो म्हटलं. त्यांनी पोराला रोल घालायला शिकवा म्हणून उद्या बोलावलंय. फुकट.

बागायतदार दादा, ॲपची कच्ची आवृत्ती शुक्रवारपर्यंत तयार होईल. प्लॉटवरच चालवून बघायचं आहे, रेंज नसेल अशा जागी. रविवारी आलो तर चालेल?

---

निफाडचा_बागायतदार

या. सकाळी लवकर या, ब्लोअर निघायच्या आत. वडील पण असतील, त्यांच्या हातात द्या. आणि स्वेटर घाला, इंदिरानगरच्या थंडीवर इकडची मोजू नका.